नंबरकाकांचं बारीक अक्षरातलं आमंत्रण

नंबरकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं त्या रस्त्यावर कोणी उरलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे नंबर काढले आणि लोकांनी त्यांचं नावच नंबरकाका करून टाकलं. खोली इतकी लहान, की अक्षरांचा तक्ता हवा तेवढा लांब टांगायला जागा नव्हती. म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे, डोक्याच्या वर, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली, ती आरशात सुलटी होत. काका गिऱ्हाइकाच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवत, तिच्यात एकेक भिंग सरकवत आणि विचारत, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" गिऱ्हाईक हमखास गोंधळायचं. काका नाही. चौथ्या भिंगाला नंबर त्यांच्या मुठीत असे.

पण खोलीचा पडदा सारून बाहेर पडले, की हाच माणूस दिशा चुकल्यासारखा व्हायचा. कोणाच्या घरी गेले तर चपला दाराच्या आत काढायच्या की बाहेर, इथपासून त्यांची सुरुवात. पंगतीत वाढणारा "आणखी घ्या" म्हणाला, तर तो मनापासून म्हणतोय की रीत म्हणून, हे त्यांना कळत नसे. मग ते अर्धवट मान हलवत, आणि त्या मानेचा अर्थ वाढणाऱ्यालाही कळत नसे.

त्यांच्या साठीला दीड महिना उरला असताना काकूंनी विषय काढला. काकू म्हणजे त्यांची बायको. एका दवाखान्याच्या धोबीघरात चादरी मोजायचं काम त्यांनी वीस वर्षं केलेलं, त्यामुळे बोलणंही मोजकं. आपण आयुष्यभर लोकांकडे जेवत आलो, त्या म्हणाल्या, बारशांना गेलो, लग्नांना गेलो, आपल्या घरी मात्र कोणाला नीट बोलावलं नाही. पोरीचं लग्न सोडलं तर एकदाही नाही. आता साठीच्या निमित्ताने बोलवायचं. इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल रविवारी मोकळा आहे, मी विचारून आले.

काकांना हे पटलं. पटलं म्हणजे, नाही म्हणायचं कसं ते सुचलं नाही.

लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि एका कचेरीत लोकांच्या सभा-बैठकांची व्यवस्था पाहायची. तिच्या हातात हा विषय पडला आणि तिने त्याला नियमच नियम लावले. आमंत्रण निदान दहा दिवस आधी गेलं पाहिजे. कोणाकोणाला बोलावलंय ते स्पष्ट पाहिजे, म्हणजे एकट्याला की घरातल्या सगळ्यांना. मुलं आणायची की नाही ते लिहायचं. भेटवस्तू नको असेल तर तसं सांगायचं, पण असं सांगायचं की सांगितल्यासारखं वाटता कामा नये. येणार की नाही हे कधीपर्यंत कळवायचं तेही लिहायचं. काका एका पाकिटाच्या पाठीवर हे सगळं उतरवून घेत होते. पाचव्या नियमाला पाकीट संपलं.

"बाबा, हे लिहून काय घेताय? हे समजून घ्यायचं असतं," लेक म्हणाली.

"समजलं असतं तर लिहिलं कशाला असतं?"

आधी त्यांनी फोनवर बोलावून पाहिलं. पहिला फोन औषधांच्या दुकानातल्या जुन्या मित्राला. काकांचा आवाज ऐकताच तो म्हणाला, चष्मा तयार झाला वाटतं, उद्या येऊन नेतो. काका म्हणाले, चष्म्याचं नाही, जेवणाचं आहे. मित्राने विचारलं, जेवणाआधी घालायचा की नंतर? काकांनी त्याला समजावता समजावता पाच मिनिटं घालवली, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दिवस सांगायचा राहूनच गेला. पुन्हा फोन करणं त्यांना बरं दिसेना. फोन बंद आणि विषयही बंद.

मग लेकीने आपल्या मोबाईलवर त्यांना लोकांची नाना प्रकारची आमंत्रणं दाखवली. कोणी फुग्यात चिठ्ठी घालून पाठवली होती. फुगा फोडल्याशिवाय काही कळायचंच नाही. कोणी कार्डाचे आठ तुकडे केले होते, ते जुळवून चित्र केलं की पत्ता मिळायचा. एका पोहणं शिकवणाऱ्या बाईने आपलं आमंत्रण मुलांच्या टोप्यांवर छापलं होतं. ज्याचा जो धंदा त्यातून काढायचं, लेक म्हणाली, म्हणजे लोक कौतुकाने जपून ठेवतात. आणि मग तिलाच सुचलं, की बाबा, तुमचा तक्ता.

काकांच्या डोळ्यांत कधी नव्हे ती चमक आली. सगळ्यात वर मोठ्ठं "या". त्याखाली जरा लहान "जेवायला". त्याखाली "सगळ्यांनी". मग "साठावा वाढदिवस". मग "भेट नको, भूक आणा", ही ओळ काकूंची. आणि सहाव्या, सगळ्यात खालच्या ओळीत दिवस, वेळ आणि पत्ता. अगदी तक्त्यासारखं, ओळीगणिक अक्षर लहान लहान होत जाणारं.

छापखान्यातल्या माणसाने नमुना पाहिला आणि शंका काढली की शेवटची ओळ मुंगीच्या पायाएवढी आहे, जरा मोठी करू का? इथे काकांचा कारागीर जागा झाला. त्यांनी बजावलं, तक्त्याचं गणित असतं, वरची ओळ एवढी तर खालची एवढीच, उगाच फुगवली तर तो तक्ता राहत नाही, विनोद होतो. छापणारा म्हणाला, तुमची मर्जी. लेकीने नमुना मोबाईलवर पाहिला होता, तिथे दोन बोटांनी मोठा करून. तिला सगळं स्वच्छ दिसलं. काकांना तर ती ओळ पाठच होती.

चाळीस कार्डं आली, पाकिटांसकट. काका दुपारच्या सुट्टीत दुकानातल्या टेबलावर बसून पाकिटांवर नावं लिहीत. यादी काकूंनी केली होती. औषधवाला, शाळेतल्या निवृत्त बाई, शिंपी, वरच्या मजल्यावरची नर्स, दुकानाचे मालक, व्याही. यादीच्या तळाशी, बाकीच्यांपासून एक ओळ सोडून, काकूंनी एक नाव लिहिलं होतं. धाकट्या भावाचं.

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सारं गाव त्याला पेंटर म्हणे. नऊ वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाला तो आला नाही, त्याची बायकोही नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. का आला नाही, हे काकांना कधी कळलं नाही. काकांनी विचारलं नाही, कारण बोलावलेल्याने येऊ नये आणि बोलावणाऱ्यानेच वर कारण विचारावं, हे त्यांना उलटं वाटे. त्यानेही सांगितलं नाही. अशी नऊ वर्षं, दोघंही मूग गिळून. बाजारात समोरासमोर आले तर दोघंही एकाच वेळी दुसरीकडे पाहत.

त्या पाकिटाचं काय करायचं यावर काका चार दिवस अडून बसले. टपालाने पाठवावं तर परक्यासारखं. लेकीबरोबर द्यावं तर तोंड लपवल्यासारखं. स्वतः जावं तर काय बोलायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी एका सकाळी कामावर जाताना ते भावाच्या इमारतीखाली गेले, जिन्याजवळच्या पत्रांच्या पेटीत पाकीट टाकलं आणि कोणी पाहायच्या आत परतले. घरी सांगितलं, देऊन आलो.

खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला.

पहिल्या आल्या त्या शाळेतल्या बाई. गुरुवारी संध्याकाळी, रविवारच्या दहा दिवस आधी, चांगलं पातळ नेसून, हातात फुलांचा गुच्छ घेऊन. काकू तेव्हा कपडे वाळत घालत होत्या. बाई म्हणाल्या की शेवटची ओळ भिंग लावूनही लागली नाही, पण सुरुवात गु-ने होती असं वाटलं. काकूंनी त्यांना चहा दिला, त्यांनी फुलं दिली, आणि दोघींनाही कळेना की आता हा वाढदिवस साजरा झाला म्हणायचा की नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात सकाळपासून रांग. शिंप्याने कार्ड पुढे केलं आणि विचारलं की ही फुकट तपासणी कुठे चालू आहे? वरचं 'या' तेवढं वाचून त्याला ती दुकानाची जाहिरात वाटली होती. त्याने शेजारच्या तिघांनाही बरोबर आणलं होतं. नर्सने जिन्यात गाठून सांगितलं, मला चौथ्या ओळीपर्यंत आलं, पाचवी थोडी, म्हणजे नंबर वाढलाय का? औषधवाल्या मित्राने कार्ड काउंटरच्या काचेखाली ठेवलं आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यावर आपले डोळे तपासून पाहू लागला. दुकानाचे मालक मात्र खूश. एवढी गर्दी त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. स्वतःच्या नावाचं पाकीट त्यांनी उघडलंच नव्हतं.

काकांनी एका दिवसात सव्वीस जणांचे डोळे तपासले आणि त्यातल्या एकालाही रविवार असं म्हणाले नाहीत. खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं की ते गिऱ्हाईक; पाहुणा पडद्याच्या बाहेर. संध्याकाळी लेकीने कपाळाला हात लावला. तिने सगळ्यांना मोबाईलवर निरोप धाडला, रविवार, संध्याकाळी सात, तळमजला. पण यादीतल्या निम्म्यांकडे तसला मोबाईल नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यातल्या काहींनी विचारलं की हे त्या कार्डातलंच जेवण की दुसरं? एकाने कळवलं, दोन्हींना येऊ. काकू भाताचा अंदाज रोज नव्याने करायला लागल्या. वीस, मग साठ, मग पस्तीस. चादरी मोजणं सोपं होतं, त्या म्हणाल्या, चादरी सांगून वेळ चुकवत नाहीत.

पुढच्या मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, पडदा सरकला आणि खुर्चीत धाकटा येऊन बसला. दंडावर पिवळा रंग वाळलेला. त्याने खिशातून कार्ड काढलं.

"शेवटची ओळ दिसत नाही, दादा."

नऊ वर्षांनी कानावर पडलेला तो "दादा" कुठे ठेवावा ते काकांना कळेना. त्यांनी हात चालू केले, कारण हातांना काय करायचं ते ठाऊक होतं. फ्रेम चढवली. उजवा डोळा झाकला, डाव्याने धाकटा पाच ओळी वाचून गेला. मग डावा झाकला. उजव्याने तिसऱ्या ओळीतच अक्षरं विरघळायला लागली. काकांनी भिंग बदललं. पुन्हा बदललं. आता बरं, की मघाशी? धाकटा म्हणाला, सारखंच. सातव्या भिंगालाही सारखंच. मग काकांनी छोटी बॅटरी त्या डोळ्यात धरली आणि बाहुलीमागचा करडा ढग त्यांना दिसला.

"मोतीबिंदू आहे. भिंगाने जाणार नाही. डॉक्टरकडे जावं लागेल."

"तरीच. सहा महिने झाले, ओळ सरळ येत नाही. गेल्या आठवड्यात एका बेकरीची पाटी तिरकी गेली, पुन्हा रंगवली." त्याने दंडावरचा वाळलेला रंग खरवडला. "संध्याकाळी समोरून दिवे आले की काहीच दिसत नाही. ती हात धरून नेते."

ती म्हणजे त्याची बायको. काकांनी फ्रेम उतरवली, भिंगं त्यांच्या त्यांच्या खाचेत लावली. मग त्या अंधारात, आरशातल्या धाकट्याकडे पाहत, त्यांनी नऊ वर्षांपूर्वी विचारायचं ते विचारलं. पोरीच्या लग्नाला तू आला का नाहीस?

धाकट्याने उत्तर द्यायच्या आधी खिशातून कार्डाचं पाकीटही काढलं आणि काकांच्या हातात ठेवलं.

"तेव्हाही असंच होतं. वरती माझ्या एकट्याचं नाव, तुझ्या हातचं. ती म्हणाली, तुम्हाला बोलावलंय, तुम्ही जा, मला कोणी बोलावलेलं नाही. मी तिला सोडून कसा येणार होतो?"

काकांनी पाकीट आरशावरच्या बारक्या दिव्याखाली धरलं. अक्षर त्यांचंच. नाव एकट्या धाकट्याचंच. भावजयीचा पत्ता नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून उरलेली पाकिटं काढली, दोन-तीन जणांची अजून द्यायची होती. सगळीकडे एकेकच नाव. दिलेलीही तशीच होती. शिंपी एकटा. व्याही एकटे, विहीणबाई नाहीतच. हे आपण मुद्दाम केलं का? आठवून पाहिलं, तर काही मनात असल्याचं आठवेना. मग उमगलं, आणि उमगलं ते इतकं क्षुल्लक होतं की सांगायची लाज वाटली. एकतीस वर्षं त्यांनी दुकानात चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. एका चिठ्ठीवर एक नाव, त्याखाली उजवा, डावा. नंबर एकाचाच असतो. नवऱ्याचा नंबर बायकोला चालत नाही. हात कोरं पाकीट पाहतो आणि एक नाव लिहून थांबतो.

त्यांनी हे धाकट्याला सांगितलं. धाकट्याने पाकीट परत घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

"हे मी तिला कसं सांगू?"

काकांनी उरलेली पाकिटं खणात परत ठेवली.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. काकू भांड्यावरचं झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना आपली व्याह्यांची निवड पसंत नव्हती. काका म्हणाले, मला वाटत होतं त्याला पाटी रंगवायचं काम लागलं असेल. काकूंनी झाकण ठेवलं, साडी बदलली आणि चला म्हणाल्या. पत्रांच्या पेटीची गोष्ट त्यांना तोवर कळली होती, आणि वाटेत त्या काकांच्या दोन पावलं पुढेच चालत राहिल्या.

दार भावजयीनेच उघडलं. बसायला सांगितलं, पाणी दिलं, चहा ठेवला. सगळं जिथल्या तिथे, पण चेहऱ्यावर काही नाही. काकांनी जिन्यात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं तिसरं आधी बाहेर पडलं, मग पहिलं, आणि चिठ्ठ्यांचं गणित सांगताना त्यांची जीभ अशी अडखळली की भावजयीला वाटलं ते तिच्या चष्म्याच्या नंबराबद्दल बोलताहेत. शेवटी काकूच म्हणाल्या, रविवारी सात वाजता तू ये, तुला बोलवायला आलोय, तुला.

भावजयीने टेबलावरचं कार्ड उचललं. "भाऊजी, आत लिहिलंय सगळ्यांनी, आणि बाहेर यांचं एकट्याचं नाव. यातलं खरं कुठलं?"

"आतलं," काका म्हणाले.

"मग बाहेर तेच लिहायचं होतं." ती कप उचलून आत गेली. निघताना दारात एवढंच म्हणाली, "बघू."

परतताना काकांनी तीनदा विचारलं की त्या 'बघू'चा अर्थ काय. काकू म्हणाल्या, बघू म्हणजे बघू.

रविवारी दुपारी एक वाजताच चौघं आली, कारण कोणीतरी सातचा आकडा एक असा वाचला होता. काकूंनी त्यांना हॉलमध्ये बसवून खुर्च्या पुसायला लावलं. सातला शिंपी आला, तिन्ही शेजाऱ्यांसकट. शाळेतल्या बाई दुसऱ्यांदा आल्या, पुन्हा फुलं घेऊन. मालक आले आणि दारातच म्हणाले, इथे काय चाललंय? ते सहज जाताना डोकावले होते. व्याही आले, विहीणबाई त्यांच्या मागोमाग आल्या आणि बसता बसता म्हणाल्या की माझं नाव नव्हतं पण मी आले. काकांनी त्यांच्या पाया पडावं की नुसतं हसावं हे ठरवेपर्यंत त्या पुढे जाऊन बसल्याही होत्या. भात पुरला. भाजी थोडी उरली. फक्त औषधवाला तेवढा आला नाही.

सव्वासातला धाकटा आला. एकटा, भिंतीच्या कडेकडेने. काका दाराशीच होते.

"ती?"

"मला नाही ठाऊक. मला म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही."

काकांनी त्याला पुढे नेऊन बसवलं. लेक धाकट्याच्या गळ्यात पडली. तिने ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. कुठे भात आहे, कुठे भाजी, हे ती हळू आवाजात सांगत राहिली, आणि तो ऐकत राहिला, जरी डाव्या डोळ्याने त्याला सगळं दिसत होतं.

साडेआठला लोक पांगू लागले तेव्हा हॉलच्या दारात भावजय उभी होती. नवीन साडी नव्हती, पण घरातलीही नव्हती. हातात एक बॅटरी. काका धावतच पुढे गेले.

"यांना न्यायला आले," ती म्हणाली. "समोरून दिवे आले की यांना दिसत नाही."

"हो, हो, बरोबर," काका म्हणाले.

काकू मात्र पुढे झाल्या. तिच्या हातातली बॅटरी घेतली, खिडकीत ठेवली आणि त्या जागी ताट दिलं. भावजयीने ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे. एका खुर्चीवर बसली आणि जेवली. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाली. काकू म्हणाल्या, माणसं किती येणार ते कळेना, म्हणून हात आखडला. त्यावर दोघी हसल्या की नाही, हे काकांना दुरून नीट दिसलं नाही.

रात्री भांडी घासताना त्यांनी काकूंना विचारलं, ती जेवायला आली होती, की न्यायला?

काकूंनी कढई पालथी घातली. "तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी पुष्कळ विचार केला. बॅटरी घेऊन आली म्हणजे न्यायला. पण न्यायलाच आली असती तर साडी बदलली नसती. आणि जेवायलाच यायचं होतं तर सातला का नाही? पण मग भात पुन्हा का मागितला? त्यांना एकही भिंग बसेना. ते झोपायला गेले तेव्हाही दोन्ही बाजू त्यांच्या डोक्यात सारख्याच दिसत होत्या.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता दारावर थाप पडली. औषधवाला उभा होता, इस्त्रीच्या कपड्यांत, बरोबर बायको आणि दोन्ही मुलं. उशीर तर नाही झाला ना, त्याने विचारलं.

काका मागे वळून काकूंकडे पाहत म्हणाले, "या ना, सगळे या."